थोरली की धाकटी: दोन कॅमेरे घेऊन डहाणू-तलासरी

सांगलीला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, कुठला घेतला शेवटी?" डहाणूचा समुद्र कसा होता, चिकू गोड होते का, यातलं कोणी काही विचारत नाही. चूक त्यांची नाही. गेली दोन वर्षं मी स्टाफरूममध्ये ज्याला त्याला पकडून कॅमेऱ्यावर बोलत होते. पेरलं ते उगवलं.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. भिंग, अपवर्तन, प्रकाशाचे कण हे सगळं फळ्यावर खडूने काढून काढून अर्धं आयुष्य गेलं. स्वतःजवळ मात्र खिशात मावणारा एक बारका कॅमेरा. तेव्हा ठरवलं की आता एकदाच, पण प्रोफेशनल लोक वापरतात तसला घ्यायचा. ठरवलं मात्र, आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. भाचा म्हणाला, फुल फ्रेमशिवाय घेऊ नकोस. स्टुडिओवाले काका म्हणाले, बॉडी कुठलीही घे, पैसे भिंगात घाल. आमचे केमिस्ट्रीचे सर म्हणाले, मोबाईल आहे की. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे खरं. पण माझं मनच ठरत नव्हतं.

तेवढ्यात वैजूचा फोन आला. वैजू म्हणजे वैजयंती, माझी होस्टेलची रूममेट. कृषी खात्यात अधिकारी आहे. ऑफिस तलासरीला, राहायला डहाणूला. माझं रडगाणं ऐकून म्हणाली, "सुमे, दुकानात उभं राहून कॅमेरा कळतो का? साडी आपण दुकानातल्या दिव्याखाली बघतो की दारात उन्हात नेऊन बघतो? दोन्ही कॅमेरे भाड्याने घे आणि इकडे ये. समुद्र देते, झाडं देते, काळोख देते. आणि एक कामही आहे. घरामागच्या चिकूच्या वाडीत कामाला येतात त्या लाडकीबाईंच्या घरी लग्न आहे, वेवजीला. त्यांना फोटो हवाय."

तर २०१८च्या फेब्रुवारीत मी दोन कॅमेरे खांद्यावर घेऊन डहाणू रोडला उतरले. एकीचं नाव थोरली ठेवलं होतं, दुसरीचं धाकटी. थोरली जड, रुबाबदार, मोठ्या सेन्सरची. तिच्या पोटात आरसा. भिंगातून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा खटकन वर उचलला जातो आणि मागच्या सेन्सरवर चित्र उमटतं. धाकटीला आरसाच नाही. तिचा सेन्सर सदा उघडा, सतत बघत असतो आणि डोळ्यापाशी एका इवल्या पडद्यावर दाखवत असतो. म्हणून ती हलकी, आणि म्हणूनच बॅटरी खाणारी. खरं सांगायचं तर माझं मन घरून निघतानाच थोरलीवर गेलं होतं. धाकटीला तोंडी लावायला घेतलं होतं.

डहाणू

वैजूच्या घरामागे चिकूची वाडी आहे. आमच्याकडे द्राक्षाच्या बागेत शिरलं की औषधाचा वास येतो. इथे सावली, ओला पालापाचोळा, आणि जाळी लावलेल्या लांब काठीने चिकू उतरवणारी माणसं. काठी धरणारे होते रूपजीदादा, लाडकीबाईंचे यजमान. ते फारसं बोलत नाहीत. मी "नमस्कार" म्हटलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि एक चिकू माझ्या हातात टाकला. खाली गोणपाटावर बसून लाडकीबाई चिकू निवडत होत्या, त्यांचे हात चिकाने माखलेले.

"बाय, लगनाचा फोटा तू काढशील ना?" त्यांनी थेट विचारलं. या भागातली वारली माणसं सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, कलेक्टर आला तरी त्यालाही तू, असं वैजूने मला आधीच सांगून ठेवलं होतं. मला ते फार आवडलं. इतकी वर्षं "मॅडम" ऐकून कान किटले होते.

"काढते की. केवढा हवाय?"

लाडकीबाईंनी दोन्ही हात पसरले. "एवढा. भितीवर लावायचा. घरात माझा एक पण फोटा नाय. एक आहा तो आधार कार्डावर. त्यात मी चोर दिसते."

रूपजीदादा काठी धरून खुसखुसले. लाडकीबाईंनी एक कच्चा चिकू उचलून त्यांच्या दिशेने उगारला.

"काळजी करू नका," मी म्हणाले. "लग्नाचा असा फोटो काढते की बघणारा बघत राहील." हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढे फार महागात पडलं.

चिंचणी

दुसऱ्या दिवशी वैजूने सुट्टी टाकली आणि मला चिंचणीला नेलं. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या, म्हणजे मासे वाळवायच्या दांड्या, त्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. ओले बोंबील गुलाबीसर पांढरे असतात आणि उन्हात इतके चमकतात की डोळे दिपतात. वास? वासाची दहा मिनिटांत सवय होते. वैजूला पंधरा मिनिटं लागली.

मी थोरलीने फोटो काढला आणि जिचे बोंबील होते त्या बाईंना मागच्या पडद्यावर दाखवला. त्यांनी बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अगो बाय, हे काय! माझे बोंबील काळे कशाला केले? मेल्या माशाला आणखी मारतेस होय? असे बघून गिऱ्हाईक येईल काय माझ्याकडे?"

बाईंचं बरोबर होतं. चित्रात बोंबील शिळे, करडे दिसत होते. कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारं जे यंत्र असतं त्याला समोर मासा आहे की म्हैस हे कळत नाही. साऱ्या जगाचा मिळून सरासरी रंग मध्यम करडा असतो, एवढंच त्याला पढवलेलं आहे. पांढरंशुभ्र समोर आलं की ते म्हणतं, फार उजेड झाला, आणि चित्र काळवंडून टाकतं. काळी म्हैस आली की उलट, तिला उजळून राखाडी करतं. कॅमेरा कितीही महाग असो, हा अडाणीपणा सुटत नाही. तिथे माणसानेच दुरुस्ती करायची. मी एक्स्पोजर थोडं वाढवून पुन्हा फोटो काढला.

"हां, आता ताजे झाले," बाई म्हणाल्या आणि बाजूच्या बाईलाही बोलावून दाखवला.

त्या कौतुकाने मी चेकाळले आणि तिथेच, भर वाऱ्यात, धाकटीचं भिंग बदलायला घेतलं. आरसा नसल्यामुळे भिंग काढलं की तिचा सेन्सर उघडा पडतो. वाळूचा एक कण आत शिरला. पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात एकाच जागी एक पुसट डाग दिसायला लागला, जणू तो ढग आमच्याबरोबर प्रवासाला निघाला होता. घरी येऊन रबरी फुग्याने हवा मारमारून तो कण काढला तेव्हा वैजू म्हणाली, "तुझी धाकटी फारच नाजूक बाई. सासरी टिकायची नाही."

मी मनातल्या मनात थोरलीच्या नावावर आणखी एक खूण केली.

झाई

झाई हे महाराष्ट्राचं शेवटचं किनाऱ्यावरचं गाव. पुढे गुजरात. चहाच्या टपरीवर बाकाच्या या टोकाला बसलं की मोबाईल महाराष्ट्रातला, त्या टोकाला सरकलं की गुजरातमध्ये स्वागत असल्याचा मेसेज. टपरीवाले भाई मराठीत सुरुवात करून गुजरातीत पोचायचे आणि परत यायचे. चहात गवती चहा आणि पुदिना. आमच्या सांगलीत असा चहा आजारी माणसाला देतात. इथे धडधाकट माणसं पीत होती, आणि दुसरा कप मीही घेतला.

"बेन, मोबाईलमां पण फोटो येते ने," भाई माझ्या खांद्यांकडे बघत म्हणाले. "मग एवढा वजन कशाला?"

केमिस्ट्रीच्या सरांना मी या प्रश्नाचं उत्तर नीट देऊ शकले नव्हते. इथे उत्तर समोर झाडावर टांगलेलं होतं. टपरीमागे ताडाची झाडं होती आणि शेंड्याला ताडीची मडकी बांधलेली होती.

"भाई, ती मडकी बघा," मी म्हणाले. "कॅमेऱ्यात सेन्सर म्हणून एक पट्टी असते. तिच्यावर अशी लाखो मडकी एकाला एक चिकटून बसवलेली असतात. ताडी थेंब थेंब पडते तसा त्यांत प्रकाश पडतो. फोटो काढणं म्हणजे कुठल्या मडक्यात किती जमलं ते मोजणं. मोबाईलमध्येही मडकी आहेत, पण बोळकी. भर दुपारी बोळकंही भरतं. अंधार पडला की बोळक्यात दोन थेंब, मडक्यात वाटीभर."

भाईंना पटलं. त्यांनी लगेच शंका काढली, "अने जास्ती पडला तर?"

"ओसंडून जातं. मग ते चित्रात नुसतं पांढरं दिसतं, आणि गेलं ते गेलं. परत आणता येत नाही. पण तळाशी चार थेंब असले तर ते मोजून वाढवता येतात."

"तर थोडी ओछी भरायची," भाई म्हणाले. कमी भरायची. वर्गात हे पटवायला मला तास लागतो.

वैजूला मग रंगांचं कोडं पडलं. मडक्यात प्रकाश मोजला, पण हा चिकूचा आणि तो आकाशाचा हे मडक्याला कळतं कसं? तर नाही कळत. म्हणून प्रत्येक मडक्यावर एकेका रंगाची काच असते. कोणावर तांबडी, कोणावर निळी, कोणावर हिरवी. प्रत्येकाला आपला एकच रंग कळतो; बाकीचे दोन रंग कॅमेरा शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरतो. आणि चारांत दोन हिरव्या, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा बारकाईने दिसतो.

"दोन हिरव्या!" वैजू खूश झाली. "बघ, शेवटी आमचं खातंच महत्त्वाचं."

येताना तिने हायवेच्या कडेला गाडी थांबवून उंबाडियु घेतलं. वालपापडी, कंद, रताळी मडक्यात भरून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. हिरव्या चटणीबरोबर ते गरम गरम खाताना तिने विचारलं, "आणि ते रॉ का काय म्हणतेस ते?"

मी सांगितलं की कॅमेरा हवं तर फोटो स्वतःच सजवून, रंग ठरवून, नको ते फेकून देतो. आणि हवं तर मडक्यांचे आकडे जसेच्या तसे ठेवतो. हे दुसरं म्हणजे रॉ.

"म्हणजे एक शिजवलेला भात आणि एक कोरडा शिधा," वैजू म्हणाली. मी त्या क्षणी दोन्ही कॅमेरे शिध्यावर लावले आणि पुढचे सगळे दिवस तसेच ठेवले. लोकांना मी सांगते की हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

वेवजी

लग्नाच्या सकाळी वैजूला तलासरीला मीटिंग होती. तिने मला वेवजीच्या पाड्यावर सोडलं आणि म्हणाली, "दुपारपर्यंत येते. तू कामाला लाग."

घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून वर शेणाने सारवलेल्या भिंतींचं. खिडकी नाही. बाहेर अंगणात आंब्याच्या डहाळ्या लावलेला मांडव, मधोमध उंबराची फांदी रोवलेली, आणि एका बाजूला माझ्याहून उंच दोन स्पीकर. आत भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं वारली चित्र, काढत होत्या. तो चौक छापील पिशव्यांवर आणि कपांवर आपण इतका बघितलेला असतो की ओळखीचा वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटला. ओलं पीठ भिंतीवर आधी दिसतच नाही; वाळत जातं तसं पांढरं उमटत येतं. मी अर्धा तास फक्त ते उमटणं बघत बसले आणि फोटो काढायचे विसरले.

मग आठवण झाली आणि काढत सुटले. थोरलीवर भाच्याने शिफारस केलेलं उजेड खाणारं भिंग लावलं होतं. त्याचं भोक पूर्ण उघडलं की समोरची एकच गोष्ट लख्ख येते आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळून जातं. हल्ली "प्रोफेशनल फोटो" म्हटलं की लोकांना हेच विरघळलेलं लोणी हवं असतं, आणि मी काही निराळी नाही.

थोड्या वेळाने आत गर्दी झाली. धवलेरी आल्या. इथे लग्न भटजी लावत नाहीत, बाई लावते, ती धवलेरी. म्हाताऱ्या होत्या, आवाज खोल, आणि गाणं सुरू केलं की संपेपर्यंत कोणाकडे बघायच्या नाहीत. चौकासमोर लाडकीबाई आणि रूपजीदादा येऊन बसले. लाडकीबाई नव्या लुगड्यात, रूपजीदादा नव्या धोतरात, दोघंही जरा अवघडलेले.

आमच्याकडे लग्नाआधी ग्रहमख असतं. मुलाचे आईवडील पाटावर बसतात, देवक ठेवतात, आणि फोटोग्राफर तेवढ्या वेळात वडा-सांबार खाऊन घेतो. मी मनात म्हटलं, हे यांचं ग्रहमख. नवरामुलगा तर बाहेर मित्रांबरोबर स्पीकरच्या वायरी जोडत होता. मी आपली कोणाला अडचण नको म्हणून अंगणात आले.

आणि अंगणात आल्यावर मला मोहच झाला. मांडवात टळटळीत ऊन, आणि मागे घराचं दार म्हणजे काळाकुट्ट चौकोन. झगझगीत उजेड आणि मिट्ट काळोख एकाच चित्रात कोण किती सांभाळतं, ही कॅमेऱ्याची खरी परीक्षा. अशी आयती कुठे मिळणार? आधी थोरलीने उंबराच्या फांदीवर नेम धरून, भोक उघडं ठेवून चार-पाच काढले. मग धाकटी स्टँडवर लावली. तिचं भिंग साधं होतं, आणि ऊन भरपूर, म्हणून भोक बारीक करून तेवढेच काढले. भाईंचा सल्ला लक्षात ठेवून दोन्हीकडे ताडी कमीच भरली. पडद्यावर मांडव सुंदर दिसत होता. दार दोन्हीकडे काळं. थोरलीचं चित्र बघून मी स्वतःचीच पाठ थोपटली. आतून धवलेरींचं गाणं ऐकू येत होतं.

गाणं थांबलं. लाडकीबाई आणि रूपजीदादा बाहेर आले. दोघांची तोंडं हळदीने पिवळीधमक. रूपजीदादांचे डोळे लाल झाले होते आणि ते उपरण्याने सारखे पुसत होते.

"काय झालं, दादा?"

"काय नाय. हळद गेली डोळ्यात," ते म्हणाले आणि पाणी मारायला गेले. लाडकीबाई हसल्या. "म्हातारा नाजूक आहा."

दुपारी वैजू आली तेव्हा मी मुलाचं बाशिंग टिपण्यात गुंतले होते. आली ती विचारतच. "लाडकीबाईंच्या लग्नाचे फोटो नीट आले ना गं?"

"अजून लागायचंय. मुलगी आत्ता येतेय."

"मुलाचं नाही गं. त्यांचं. लाडकीबाई आणि रूपजीदादांचं. ते तर आधी लागतं."

मी कॅमेरा खाली घेतला. तिने मला मांडवाच्या कडेला नेऊन सांगितलं ते असं. इथे मुलगा-मुलगी एकमेकांना आवडले, घरच्यांनी हो म्हटलं, की संसाराला लागतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण लग्न लावायचं म्हणजे सगळ्या गावाला जेवण, नातेवाइकांना मान, आणि तेवढी ऐपत लगेच होत नाही. मग ते राहतं. पोरं होतात, मोठी होतात. पण आईबापांचं लागल्याशिवाय मुलाचं लावता येत नाही. म्हणून मुलाच्या मांडवात आधी आईबापांचं लग्न.

"मी तुला सांगितलं होतं की, लाडकीबाईंना लग्नाचा फोटो हवाय म्हणून," वैजू म्हणाली. "मला वाटलं तुला माहीत आहे."

चिकाचे हात पसरून "एवढा" म्हणणाऱ्या लाडकीबाई माझ्या डोळ्यांसमोर आल्या. त्यांचं लग्न लागत होतं तेव्हा मी अंगणात त्या दाराकडे तोंड करून उभी होते आणि कॅमेऱ्याची परीक्षा घेत होते. मला रडू यायच्या बेतात होतं. रडले नाही, कारण लाडकीबाईच समोरून पत्रावळ्या घेऊन येत होत्या.

"आला का फोटा?"

मी खरं ते सांगितलं. मला कळलंच नाही, आमच्याकडे असं नसतं, मला वाटलं मुलाचा फोटो हवाय.

त्यांनी हातातल्या पत्रावळ्या सारख्या केल्या. मग म्हणाल्या, "मंग काय झालं. पोराचे काढ," आणि माझ्यापुढे पत्रावळ ठेवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वैजू अधिकारी आहे. अडलेलं काम पुढे ढकलायचं तिला जमत नाही. ती धवलेरींकडे गेली. दोघांना पाच मिनिटं परत चौकासमोर बसवू या, तुम्ही थोडंसं गाणं म्हणा, म्हणजे फोटो होईल, असं तिने सुचवलं. धवलेरींनी तिला नखशिखान्त न्याहाळलं.

"परत बसवला तं दुसरं लगन होईल," त्या म्हणाल्या. "पयल्या लगनात काय खोट राहिली काय?"

वैजूने हात जोडले. मग मी दोघांना नुसतंच मांडवाखाली उभं केलं. तोवर हळद धुऊन झाली होती. रूपजीदादा सावधान उभे राहिल्यासारखे ताठ, लाडकीबाईंचे ओठ घट्ट मिटलेले. फोटो दाखवला तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हा तं आधारवालाच फोटा."

मुलाचं लग्न लागलं, स्पीकर दणाणले, वालाची डाळ आणि भात झकास होता, सगळे मला नाचायला ओढत होते. मी नाचलेही. पण मन त्या काळ्या दारापाशी अडकून पडलं होतं.

पुन्हा वाडीत

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजूच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसले. माझी गाडी संध्याकाळची होती. कशाला बसले ते वैजूला सांगितलं नाही, कारण मलाच खात्री नव्हती. मनात भाईंच्या टपरीवर मीच मारलेलं वाक्य घोळत होतं. ओसंडलं ते गेलं, पण तळाशी चार थेंब असले तर मोजता येतात. दार काळं होतं. पण काळं म्हणजे रिकामं नव्हे. आत माणसं होती, वर कौलांच्या फटी होत्या, दारातून थोडा उजेड आत जात होता. थोडा म्हणजे काही मडक्यांत चार थेंब पडलेच असणार.

आधी थोरली उघडली, अर्थातच. सावल्या वर उचलणारी पट्टी सरकवली. काळ्या चौकोनातून हळूहळू काहीतरी वर आलं. मोठा सेन्सर, मोठी मडकी. रंग तर किती मऊ आले! पण आले ते दोन पिवळट-पांढरे गोळे. मी भोक उघडं ठेवलं होतं. फांदी लख्ख, आणि दारापलीकडचं सगळं लोणी. कुठला गोळा लाडकीबाई आणि कुठला रूपजीदादा हेसुद्धा सांगता येईना. पाची फोटो तसेच. दोष थोरलीचा नव्हता, भोक मी उघडलं होतं. पण ते त्या वेळी मला कोण सांगणार?

मग धाकटी. तिच्या फोटोंत काळोख उचलायला लागले तर सगळीकडे रवाच रवा, रांगोळी सांडल्यासारखा. प्रकाशाचे कण इतके थोडे मिळाले होते की आकडे अंदाजानेच लागत होते. पहिल्या फोटोत धवलेरींची पाठ. दुसऱ्यात कोणाचा तरी हात आडवा. तिसरा उचलला.

बारीक भोकातून बघितलं की जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट येतं. आपण डोळे बारीक करून लांबची बस ओळखतो, तसं. तिथे फांदीही होती, आणि फांदीपलीकडे, दारापलीकडे, चौकाच्या पांढऱ्या रेषांपुढे, रव्यातून वर येत, दोन माणसं बसली होती. शेजारी शेजारी. ओळखू येत होती.

मी इतक्या मोठ्याने "वैजू!" म्हणून ओरडले की ती हातातलं उलथनं घेऊनच बाहेर आली.

तिने बघितलं. आत जाऊन गॅस बंद केला आणि पायात चपला न घालताच वाडीत गेली, लाडकीबाईंना बोलवायला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्या कामावर येतील असं मला वाटलं नव्हतं. पण चिकू लग्नासाठी झाडावर थांबत नाहीत.

लाडकीबाई आल्या, पदराला हात पुसले आणि लॅपटॉपसमोर उकिडव्या बसल्या. रूपजीदादा मागे, काठी हातात धरून, आंब्याच्या झाडापाशीच थांबले. मी सांगितलं, "फोटो फार चांगला नाही. दाणेदार आहे. पण लग्नातलाच आहे."

त्या बघत राहिल्या. बराच वेळ. आधी चौक बघितला, मग धवलेरी, मग स्वतःला. "मी आहा ही," त्या म्हणाल्या. "चोर नाय दिसत."

"मोठा करता येतो?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

मी मोठा केला. दाणे आणखी वाढले. रूपजीदादांचं तोंड आलं. दारातून आलेला उजेड त्यांच्या एका गालावर पडला होता, आणि त्या गालावर, वरपासून हनुवटीपर्यंत, एक ओली रेघ चकाकत होती. त्यांचा हात अर्धवट उचललेला, डोळ्याकडे निघालेला.

इथे मला कळलं की माझा कॅमेरा कुठला. जिथे बघायला हवं तिथे आपण बघतोच असं नाही. मग निदान सगळं राखून ठेवणारी एक जवळ असावी. ती धाकटी मी विकतच घेतली, आता माझ्या टेबलावर आहे. थोरली मी आदराने परत केली. जो विचारेल त्याला हे उत्तर.

पण लाडकीबाईंना कॅमेऱ्याशी देणंघेणं नव्हतं. त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. रूपजीदादांच्या तोंडावरून त्यांनी बोट सावकाश फिरवलं, मग शेजारी स्वतःच्या तोंडावरून. दोन्ही तोंडं स्वच्छ होती. मग बोट पुढे सरकलं, त्यांच्यापुढे वाकलेल्या सवाष्णीच्या हातापाशी येऊन थांबलं. त्या हातात एक वाटी होती, काठोकाठ भरलेली.

लाडकीबाई उठल्या. आंब्याखाली उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे त्यांनी बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

"ए म्हाताऱ्या, इकडं ये," त्यांनी हाक मारली. "हळद तं अजून वाटीतच आहा!"